सासूबाईंचा सहावा गिलास

सासूबाई सिंदेवाहीला माझ्या नणंदेकडे गेल्या आणि तिसऱ्याच दिवशी माझ्या हातून त्यांचा काचेचा गिलास फुटला. सहा होते. त्यांच्या लग्नात एकुलत्या एका भावानं दिलेले. "नागपूरच्या मोठ्या दुकानातून निवडून आणले माह्या भावानं," हे मी या घरात आले तेव्हापासून ऐकते. भाऊ केव्हाच वारले. गिलास काही शोकेसमधून पाणी प्यायलाही बाहेर आले नाहीत. आणि मला मेलीला झाडपुशीची हौस! रविवारी त्या परत येणार होत्या. तोवर सहावा मिळाला नाही तर माझी धडगत नव्हती.

बल्लारपूरच्या एका भांडेवाल्याला फोन केला. "बाई, फोटो धाडा, नक्षी पाहून सांगतो," तो म्हणाला. काढला फोटो. त्यात काचेवर उमटलेली आमची खिडकी आली, ट्यूबलाइट आली, गाऊनमधली मी आले. गिलास तेवढा आला नाही.

"हट, तुले जमत नाई," म्हणत नवऱ्यानं फोन ओढून घेतला. हे ऊर्जानगरला वीज केंद्रात कामाला, म्हणून उजेड म्हणजे यांच्याच बापाचा! गिलास टेबलावर ठेवून समोरून लॅम्प मारला. गिलासावर पांढरा डाग. वरून मारला, दोन डाग. मग मोबाइलवर कुठलासा व्हिडिओ पाहून म्हणाले, उजेड मागून पाहिजे, तोही कपड्यातून गाळून. माझी धुतलेली पांढरी चादर दोन खुर्च्यांवर ताणली, मागं लॅम्प. डाग गेले, पण गिलासाच्या कडाही गेल्या. फोटोत नुसती चादर.

दुपारचे दोन वाजले, पोळ्या व्हायच्या होत्या. "उचला आता हा तमाशा!" म्हणत मी हातातला तवा गिलासाशेजारी आपटला. तो मिठाच्या बरणीला टेकून उभाच राहिला. आणि अगं बाई! गिलासाची त्या बाजूची कड काळीभोर उमटली, पेन्सिलीनं काढावी तशी. "हात नको लावू!" हे ओरडले. दुसऱ्या बाजूला धिरड्यांचा तवा उभा केला. नक्षीतली द्राक्षाची वेल पान न् पान दिसायला लागली. आम्ही दोघं येड्यासारखे नाचलो.

वेलीखाली आणखीही काहीतरी दिसत होतं. हे चष्मा लावून वाकले. बुडाशी बारीक, काचेतच उठवलेली अक्षरं होती: 'चहापत्तीसोबत मोफत.'

हसून हसून माझं पोट दुखलं. हे हसले नाहीत. "मायले सांगू नको बरं," म्हणाले, "जीव जाईन तिचा." फोटो भांडेवाल्याला धाडला. "हे विकत कुठी भेटते बाई?" असं त्याचं उत्तर आलं.

रविवारी सासूबाई आल्या. पिशवी खाली ठेवायच्या आधी त्यांनी गिलास मोजले. मग जे सुरू झाल्या! ऐकून घेणं माझ्या स्वभावात नाही, अख्ख्या कॉलनीला ठाऊक आहे. त्या दिवशी मान खाली घालून सगळं ऐकलं. शेवटी म्हटलं, "चुकलं आई. नागपूरला जाऊन त्याच दुकानात पाहून येतो आम्ही."

पाचही गिलास पदरानं पुसून सासूबाईंनी शोकेसमध्ये परत लावले.

"कायचं दुकान वं," त्या म्हणाल्या. "माह्या लग्नासाठी सहा महिने चहापत्तीचे पुडे आणे तो. चहा त्याले आवडेच नाई."