आबांच्या फोनची जागा

माझ्या भावाने शेवटचं सांगून टाकलं होतं. आणखी एकदा आबांचा फोन बंद लागला, की तो पुण्याहून गाडी घेऊन येणार आणि आबांना कायमचं घेऊन जाणार. कळंब्याच्या घराला कुलूप. हे तो मला सांगत होता, आबांना नाही. आबांसमोर बोलायचं म्हटलं की त्याची अजून बोबडी वळते, मग असले सगळे निरोप माझ्याकडे.

आबा म्हणजे आमचे वडील. पाटबंधारे खात्यात कारकून होते. आई गेल्यापासून एकटेच राहतात. मी शाहूपुरीत, म्हणजे स्कूटर काढली की जाता येतं. स्वयंपाकाला सकाळी एक मावशी येतात, बाकी आबांचं आबा बघतात. अडचण होती ती हातांची. दोन्ही हात थरथरतात. त्याला त्यांनी आपल्या परीनं वाटा काढल्या होत्या. चहा अर्धाच कप घ्यायचा, शर्टाऐवजी बंडी घालायची. पण फोनला चार्जरची पिन लावायची कला काही त्यांना साधेना. पिन तिरकी घुसायची, किंवा लागली असं समजून ते झोपून जायचे आणि सकाळी फोन मेलेला. मग पुण्यात भावाचा जीव खालीवर, तो शेजाऱ्यांना फोन करणार, शेजारी कंपाउंडवरून हाका मारणार. एकदा तर त्यांनी मागच्या दाराची कडी उचकटली. आत आबा न्हाणीघरात अंगाला साबण लावून उभे. त्या दिवसापासून आबा शेजाऱ्यांशी मोजकंच बोलतात.

"मी कुठं जाणार न्हाय," असं त्यांनी मला सांगून ठेवलं होतं. "पुण्यात जाऊन करू काय? तिथं गॅलरीत बसवशिला मला, कुंडीसारखं."

फोनचं चार्जिंगचं तोंड पुन्हा मोडलं तेव्हा मी तो दुरुस्तीला घेऊन गेले. दुकानदाराने फोन उलटा-सुलटा करून बघितला आणि म्हणाला, "मॅडम, पिनचा नाद सोडा की. ह्यो भारीतला फोन हाय. नुसता चकतीवर ठेवला तरी चार्ज हुतोय." फोन भावाचाच जुना, त्याने नवा घेतल्यावर आबांना दिलेला. त्याने तो इतकी वर्षं वापरला आणि त्याला हे माहीत नव्हतं. मी तिथल्या तिथं वायरलेस चार्जर घेतला. लहान पापडाएवढी काळी चकती, कडेला बारीक हिरवा दिवा. आबांनी ती हातात घेऊन बघितली आणि तिच्या मागची वायर धरून विचारलं, "बिनवायरची म्हणतीस, मग ही शेपटी कसली?"

मला वाटलं होतं, चकती ठेवली की काम संपलं. कसलं संपतंय. फोन बरोबर मधोमध बसला तरच तो चार्ज होतो, आणि मधोमध ठेवणं हेच आबांना जमत नाही. शिवाय हात लागला की चकतीच सरकते. शेवटी गल्लीच्या तोंडाशी एक सुतार बसतो, त्याच्याकडून फळीवर चारी बाजूंनी पट्ट्या ठोकून घेतल्या. मध्ये चकती चिकटवली. आता फोन कसाही टाकला तरी पट्ट्यांना टेकून जागेवर बसायचा. ती फळी कॉटच्या उशाशी, आबांचा उजवा हात आपोआप पडतो त्या उंचीवर भिंतीला मारली.

त्या भिंतीला प्लग नव्हता. वायरमन आला. तो म्हणाला, भिंत फोडून इथंच बोर्ड बसवतो. आबा म्हणाले, "पावणं, भिंतीला हात लावायचा न्हाय. रंग दिऊन वरीस झालं न्हाय अजून." मग दाराजवळच्या बोर्डातून पट्टीतनं वायर आणली आणि बटण तिथंच, दिवा आणि पंख्याच्या बटणांच्या रांगेत शेवटी बसवलं. मलाही ते बरं वाटलं. रांगेत बरं दिसत होतं.

पहिल्याच दिवशी फोन चार्ज व्हायच्या ऐवजी तापला. हात लावला तर चटका. मी चडफडत कव्हर काढलं, तर आत जोतिबा. पितळी पत्र्याचा छोटा टाक, फोनच्या पाठीला चिकटून बसलेला. डोंगरावरून आणलेला, खिशात ठेवला तर पडतो म्हणून आबांनी कव्हरात सुरक्षित ठेवला होता. पत्रा मध्ये आला की चकती तापते, हे मी त्यांना समजावून सांगितलं.

"म्हंजे देव बाजूला काढायचा?"

"बाजूला म्हणजे काय, देवघरात ठेवा की. देवाची जागा ती."

"घरातल्या देवाचं ठीक हाय. बाहेर जाताना?"

ह्या वादात माझा चहा थंड झाला. शेवटी बंडीला आतून एक खिसा शिवून दिला आणि जोतिबा तिकडे गेला. त्या दिवसानंतर फोन कधी तापला नाही. आबा झोपायच्या आधी फोन फळीवर टाकायचे, दुपारी लवंडले की परत टाकायचे. भाऊ रोज फोन करायचा आणि फोन रोज लागायचा. मला खरंच आनंद झाला होता. इतकी वर्षं मी नोकरी केली, घर चालवलं, पण एखादं काम असं पुरतं हातावेगळं झालंय असं फार थोड्या वेळा वाटलं.

भाऊ एकदा बघायला म्हणून आला. शनिवारी रात्री राहिला. फळी हलवून बघितली, फोन मुद्दाम वाकडा टाकून बघितला, हिरवा दिवा लागतोय का ते वाकून बघितलं. सुताराचीही एवढी परीक्षा कुणी घेतली नसेल. "चांगलं केलंयस," असं म्हणाला, पण चेहरा तसाच. रविवारी सकाळी जेवूनच निघाला. आबा आणि मी त्याला सोडायला फाटकापर्यंत गेलो, तो बॅग घ्यायला आत गेला आणि मागून आला. आबा गाडी वळणावरून दिसेनाशी होईपर्यंत उभे होते.

सोमवारी संध्याकाळी मी ऑफिसमधून निघत होते तेव्हा भावाचा फोन. आबांचा फोन बंद लागतोय. दुपारपासून. "मी काय म्हणालो होतो? येत्या रविवारी येतोय. त्यांचं सामान काढून ठेव."

मी कळंब्याला कशी पोहोचले ते विचारू नका. आबा अंगणात जास्वंदीला पाणी घालत होते, धडधाकट. मला बघून त्यांना आश्चर्य वाटलं. मी आत गेले. फोन फळीवर, पट्ट्यांच्या आत, अगदी जसा पाहिजे तसा. पण हिरवा दिवा नाही. दाराजवळ बघितलं तर शेवटचं बटण वर.

"आबा, हे बटण तुम्ही बंद केलंत?"

"मी कशाला करू? त्येला हात लावू नका म्हणून तूच बजावलंयस. काल त्येला सोडून आत आलो तवा पंखा तेवढा परत लावला."

म्हणजे पंखाही बंद होता. दिवाही. सगळी रांगच कुणीतरी बंद केली होती. मग माझ्या लक्षात आलं आणि मी तशीच कॉटवर बसले. आमच्या घरात शेवटी बाहेर पडणाऱ्याने उंबरा ओलांडायच्या आधी बटणांच्या रांगेवरून हात फिरवायचा, ही रीत आहे. सुट्टीला मुरगूडला मामाकडे निघताना आबा रिक्षा थांबवून आम्हाला परत पाठवायचे, बटणं बघून या म्हणून. मी अजून करते. माझ्या नवऱ्याला त्याचा कंटाळा येतो.

मी माझ्या फोनवरून भावाला लावलं आणि स्पीकरवर टाकलं. "काल बॅग घेऊन निघताना तू बटणं बंद केलीस का?"

"केली की," तो म्हणाला. "सगळी केली." आणि मग त्यालाच कळलं. "शेवटचं पण," असं हळूच म्हणाला.

मी तोंड उघडणार, तेवढ्यात आबांनी हात पुढं केला. मी फोन त्यांच्या तोंडासमोर धरला. ते चिडले नव्हते. आवाज फक्त थोडा मोठा होता, फोनवर त्यांचा असतो तसा.

"अरं, बटणं बंद करायला मीच शिकवलंय तुला. पण ती घर रिकामं करून निघताना. मी हाय की अजून आत."

मग भाऊ म्हणाला, "आबा, मी रविवारी येतो." घ्यायला येतो, असं म्हणाला नाही.

"ये की," आबा म्हणाले. "ऱ्हायला ये."