खुर्चीच्या उजवीकडे

कुमुद गेल्याचं तिच्या भाचीनं फोनवर सांगितलं. रडता रडताच म्हणाली, "मावशी, शोकसभेत तुम्हीच बोलायचं हं. आणि तिचा तो खुर्चीचा प्रसंग पडद्यावर दाखवणार आहोत." मी बरं म्हणून फोन ठेवला.

आम्ही कॉलेजपासूनच्या मैत्रिणी. नाशिकच्या हौशी नाटकांतून ती मालिकांमध्ये गेली. कधी सासू, कधी शेजारीण, कधी लग्नघरात नुसती मिरवणारी आत्या. लोक नायिकेला विसरत, हिची चाल विसरत नसत. माणसं बघणं हीच तिची तालीम. मनमाड स्टेशनवर ती एखाद्या बाईकडे इतकी टक लावून बघे, की मी कोपरानं ढोसून म्हणे, "अगं, मार खाशील!" "खाईन की. मारताना ती कशी दिसते, तेही कळेल."

माझे यजमान गेले तेव्हा ती चित्रीकरण सोडून गंगापूर रोडवरच्या आमच्या घरी येऊन राहिली. यांना डाव्या कानानं ऐकू येत नसे. काही सांगायचं तर मी उठून यांच्या उजवीकडे जात असे. ते गेल्यावर एकदा, भाजी कुठली करू हे विचारायला, मी रिकाम्या खुर्चीच्या उजवीकडे जाऊन वाकले. खोलीत फक्त कुमुद होती. ती काही बोलली नाही. तिचं ते गप्प राहणं मला फार मोलाचं वाटलं होतं.

पुढे मालिकेत तिचा नवरा वारला. ती उठली, वळसा घालून खुर्चीच्या उजवीकडे गेली, वाकली… जाऊबाईंचा लगेच फोन. "बघितलंस? रडवलं गं बाई कुमुदनं!"

"विचारायचं तरी होतंस," मी कुमुदला म्हटलं.

"तू नाही म्हणाली असतीस. आणि किती खरं होतं गं ते!" तिच्या आवाजात कौतुक होतं. त्या दिवसांत माझ्याजवळ बसली होती ती मैत्रीण की नटी, हे मला तेव्हापासून कळेनासं झालं. आता विचारायलाही ती नाही.

शोकसभेत मी तिच्या कामाबद्दल बोलले. खोटं काही बोलले नाही. प्रसंग सुरू झाला तसे सभागृहात हुंदके ऐकू आले. मी मान खाली घातली.

यांची खुर्ची अजून खिडकीशीच आहे. काल पेपर वाचताना यांना काही सांगावंसं वाटलं. उठले, उजवीकडे वळणार तोच डोळ्यांसमोर वाकलेली कुमुद आली… मी डावीकडूनच बोलले. यांना ऐकू गेलं नसणार.