नारळ सोडल्यावर सांगते

आमच्या घरात धड चालणारा फोन एकच होता आणि तो बाबांचा. बाबा दुसऱ्याच्या बोटीवर तांडेल. बोट त्यांच्या हातात, पण निघायचं कधी ते मालक ठरवणार. पावसाळ्यात मासेमारी बंद असते, त्यामुळे तेवढे महिने बाबा घरी आणि फोनही घरी. मी आठवीत होते. करोनामुळे शाळेला कुलूप होतं.

शिष्यवृत्तीच्या तयारीसाठी एका सरांनी जिल्ह्यातल्या मुलांचा व्हॉट्सॲप ग्रुप काढला होता. त्यात मंडणगडकडचा एक मुलगा होता. एकदा मी ग्रुपवर गणिताचं चुकीचं उत्तर टाकलं. बाकीच्यांनी हसून घेतलं. त्याने मला वेगळा मेसेज केला की तुझी रीत बरोबर आहे, फक्त बेरीज चुकली. आठवीतल्या मुलीला प्रेमात पडायला एवढं पुरतं.

त्याच्या नंबरावर गणपतीचा फोटो होता. तो दिसायला कसा हे मला आजतागायत माहीत नाही. पण आवाज माहीत होता. रेंजसाठी तो घरामागच्या टेकडीवर चढायचा आणि गणितं बोलून, रेकॉर्ड करून पाठवायचा. मध्येच कोंबडा आरवायचा, मग तो पुन्हा पहिल्यापासून सांगायचा. मी न्हाणीत जाऊन ते कानाला लावून ऐकायचे. काळ-काम-वेगाची गणितं इतक्या प्रेमाने कुणीच ऐकली नसतील. आई म्हणायची, "अभ्यासाचा भारीच पुळका आलाय गो तुला." मी मान डोलवायचे.

श्रावण लागला आणि त्याने विचारलं, "तू मला आवडतेस. मी तुला आवडतो का? हो की नाही, एवढंच सांग."

हो तर होतंच. पण आमच्यात नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ सोडल्याशिवाय काही म्हणता काही सुरू होत नाही. नवं जाळं पाण्यात जात नाही, ठरत आलेल्या लग्नाचं कुणी उघड बोलत नाही. माझ्या आयुष्यातली एवढी मोठी गोष्ट मी अशीच कशी सुरू करणार? मी लिहिलं, "नारळ सोडल्यावर सांगते." त्याने विचारलं, तेव्हाच का? मी म्हटलं, आमच्यात तसंच असतं. त्यांची शेती, त्यांच्याकडे भात आणि डोंगर. त्याने नुसतं "बरं" लिहिलं.

पौर्णिमेला आम्ही बंदरावर गेलो. बाबांनी नारळ सोडला, तेव्हा मी डोळे मिटून त्याचं नाव घेतलं. बोट दोन दिवसांनी निघायची होती. घरी येऊन मी फोन हातात घेतला, एवढ्यात बाबा दारातून म्हणाले, "अगो, फोन आण हकडं. मालक म्हणतोय आजच निघूया, भाव चांगला हाय." मी फोन दिला. दुसरं काय करणार होते? एक मिनिट द्या म्हणायला कारण लागतं, आणि माझं कारण कुणाला सांगण्यासारखं नव्हतं.

समुद्रात आत गेलं की रेंज नाही. त्यात वारं सुटलं आणि बोट जयगडच्या खाडीत आसऱ्याला थांबली. मला जेवण जात नव्हतं. आईला वाटलं, बाबांची काळजी. लोकांच्या पोरी बापासाठी उपाशी राहतात, मी एका आवाजासाठी राहिले होते आणि मला त्याची लाजही वाटत नव्हती.

बाबा आले, आंघोळीला गेले, आणि मी फोन उघडला. त्याचे मेसेज एकदम दिसले. नारळ सोडला का? मग, रागावलीस का? आणि शेवटचा, "माझ्या बाबांना कंपनीने मुंबईला परत बोलावलंय. सोमवारी निघतील. फोन त्यांचा आहे, तो पण जाणार. त्याआधी सांग."

त्या दिवशी मंगळवार होता.

तरी मी लिहिलं, "हो." कदाचित गाडी चुकली असेल, कदाचित फोन विसरले असतील. वेडी आशा. दोन निळ्या खुणा उमटल्या. मग उत्तर आलं, "कोण बोलतंय? काय हो?"

मी लिहिलं, "चुकून आला, काका." बाबा न्हाणीतून बाहेर यायच्या आत सगळं पुसून टाकलं. त्या नंबरावर आता काकाच होते, आणि त्याचा आवाजही गेला.

पुढे मला स्वतःचा फोन मिळाला. इन्स्टाग्रामवर त्याचं नाव टाकलं, तर त्या नावाची मुलं चिक्कार निघाली. सगळ्यांचे चेहरे पाहिले. आवाज टाकून माणूस शोधता येत नाही. त्याला वाटलं असणार, पोरीने खेळवलं. ते आता कुणीही खोडू शकत नाही.

नारळ दरवर्षी सोडतो आम्ही. मी हात जोडून उभी राहते आणि काही मागत नाही.