लाल ब्लँकेटचा सत्कार

रंगनाथ लवांडे कोणालाही भेटला की आधी त्याच्या गळ्याकडे बघायचा. हेतू वाईट नव्हता. या गळ्याला केवढा हार शोभेल, एवढाच विचार त्याच्या डोक्यात चालू असायचा. नगरच्या वैद्यकीय विद्यालयात तो भांडार सांभाळत असे. चादरी, ब्लँकेटं, पट्ट्या, बेडपॅन, सगळं त्याच्या किल्लीखाली. पण ती झाली नोकरी. देवाने त्याला जन्माला घातलं होतं ते सत्कारासाठी.

विद्यालयात दरवर्षी जानेवारीत शिक्षकांचा मेळावा भरे. डॉक्टरांना, नर्सना, कंपाउंडरांना, सुइणींना शिकवणारी जिल्हाभरातली मंडळी एकत्र जमत आणि शिकवावं कसं हे एकमेकांना शिकवत. आता शिक्षकाला शिकवणं म्हणजे आचाऱ्याला जेवायला बोलावणं. पहिल्या घासालाच तो मिठाबद्दल बोलायला लागतो. त्यामुळे मेळाव्यात बिनतक्रार पार पडे ते फक्त रंगनाथचं खातं. हार, शाल, श्रीफळ. एके वर्षी त्याने मुख्य पाहुण्यांच्या ऐवजी त्यांच्या ड्रायव्हरलाच हार घातला, कारण ड्रायव्हर जास्त रुबाबदार होता. चूक कळली तरी हार परत घेतला नाही. "घातल्याला हार म्हंजी लागल्यालं लगीन," तो म्हणाला. पाहुण्यांसाठी दुसरा आणला.

त्र्याहत्तरच्या मेळाव्याआधी प्राचार्य डॉक्टर गंधे यांनी त्याला बोलावून घेतलं.

"लवांडे, यंदा हार नाही, शाल नाही, नारळ नाही. लोक खडी फोडताहेत आणि आपण एकमेकांना फुलं घालत बसायचं? दिवा लावायचा आणि सरळ शिकवायला लागायचं."

तिसगावला रंगनाथचा थोरला भाऊसुद्धा दुष्काळी कामावर खडीच फोडत होता. साहेबांचं बरोबर होतं. तो मुकाट्याने भांडारात गेला आणि शिल्लक ब्लँकेटांच्या घड्या मोडून पुन्हा घालू लागला.

तेवढ्यात चांगुणा सिस्टर पट्ट्या न्यायला आली. जाता जाता म्हणाली, "मेळाव्यातला पहिला पाठ यंदा मी देणार आहे, रंगनाथदादा. बाई या महिन्यात रिटायर होताहेत ना."

बाई म्हणजे राहीबाई खरात. मूळच्या कोल्हारच्या, विद्यालयातल्या सगळ्यात जुन्या नर्स-शिक्षिका. जिल्ह्यातल्या निम्म्या नर्स त्यांच्या हाताखालून गेलेल्या, आणि त्यातल्या बऱ्याच जणी अजून झोपेतही त्रिकोणी पट्टीची गाठ मारत असतील, इतकी त्या गाठीची धास्ती. रंगनाथ हमाल म्हणून लागला तेव्हा ब्लँकेटची चौकोनी घडी त्याला बाईंनीच शिकवली. बायकोचं पहिलं बाळंतपण अडलं तेव्हाही उशाशी बाईच होत्या.

आणि या बाईंना आपण एकदाही हार घातलेला नाही, हे रंगनाथला त्या घडीला कळलं. स्टेजवरच्या खुर्च्यांना नावांच्या चिठ्ठ्या लावायचा तोच. बाईंच्या नावाची चिठ्ठी त्याने कधी लिहिली नव्हती, कारण कोणी सांगितली नव्हती. सत्काराच्या वेळी बाई नेहमी पडद्यामागे, पुढच्या पाठाची तयारी करत उभ्या. ड्रायव्हरला हार, आणि बाईंना नाही!

तो तसाच उठून साहेबांकडे गेला.

"साहेब, एकच हार. बाईंपुरता."

"एकीला घातला की बाकीच्यांनी काय पाप केलं? नाही म्हणजे नाही."

घरी त्याच्या बायकोने, गोजरबाईने, ऐकून घेतलं आणि भाकरी थापता थापता सुरुवात केली.

"वाटंनं जानाऱ्या म्हशीला हार घालाल तुमी. आन बाई दिसल्या न्हाईत व्हय इतकी वर्सं?"

"चुकलं म्हन्लं ना. पर आता साहेबांनी बंदी घातलीया."

"आन नारळ तरी कसा देनार? त्यांच्या घरी समदे बौद्ध झाल्यापून नारळ फोडत न्हाईत."

"नारळ न्हाई तर..." रंगनाथचा घास हातातच राहिला. "पेशंटला शहाळं देत्यात ना गं?"

"देत्यात की. त्याचं काय?"

"काय न्हाई. कोल्हारला तुझ्या भनीच्या हिरीवर झेंडू हाय ना अजून?"

मेळाव्यात पहिला पाठ दरवर्षी प्रथमोपचाराचा असे. शिकवायच्या बाई आणि पेशंट व्हायचा रंगनाथ. बाकावर आडवा पडून तो इतका मनापासून कण्हायचा की एकदा बाहेरगावच्या एका शिक्षकाने खरंच डॉक्टर बोलावला होता. सभागृह डॉक्टरांनीच भरलेलं, हे त्याच्या लक्षात आलं नाही. मेळाव्याच्या सकाळी रंगनाथ कमरेला हात लावून बाईंसमोर उभा राहिला.

"बाई, पाठ धरलीया. यंदा पेशंट तुमी व्हा."

"कालपर्यंत गाद्या उचलत होतास ना?"

"त्यानंच धरली."

बाईंनी त्याच्याकडे रोखून पाहिलं, पण पाठ सुरू व्हायची वेळ झाली होती. पुटपुटत त्या स्टेजवरच्या खुर्चीत जाऊन बसल्या. स्टेजवर बसायची ही त्यांची पहिलीच वेळ. पदर दोनदा सारखा केला.

चांगुणाने शिकवायला सुरुवात केली. "हा रुग्ण पडला आहे. हात मोडला आहे. अंगात हुडहुडी आहे. प्रथम काय द्यायचं? ऊब."

रंगनाथ आला. हातात इस्पितळाचं लाल ब्लँकेट, स्वच्छ धुतलेलं, शालीसारखी उभी घडी घातलेलं. त्याने ते दोन्ही हातांनी बाईंच्या खांद्यावर पांघरलं, पुढून सारखं केलं आणि दोन पावलं मागे जाऊन नमस्कार केला. पेशंटला ब्लँकेट घालून कोणी नमस्कार करत नाही. सभागृहात कुजबुज सुरू झाली.

"रुग्णाच्या तोंडाला कोरड पडली आहे," चांगुणा म्हणाली. बाईंच्या नजरेला नजर देणं तिने टाळलं, कारण ती कटात सामील होती.

रंगनाथने तबकातून शहाळं पुढे केलं. आता मात्र पेशंटच कडाडला.

"अरे, हाड मोडलेल्याला तोंडाने काही द्यायचं नाही! भूल द्यावी लागते नंतर! चांगुणा, हे शिकवलं मी तुला?"

"मंग जुलाबबी झाल्यात असं धरा की, बाई!" रंगनाथ काकुळतीला येऊन म्हणाला.

सभागृह हसून कोसळलं. तेवढ्यात चांगुणाने त्रिकोणी पट्टी उलगडली. पट्टीच्या तिन्ही कडांना गोजरबाईने जवळजवळ झेंडू टाचले होते, पिवळा, केशरी, पुन्हा पिवळा. मोडलेला हात झोळीत घेऊन ती पट्टी बाईंच्या गळ्यात पडली आणि हसणं थांबलं. सगळ्यांच्या लक्षात आलं. पहिल्या रांगेत डॉक्टर गंधे उठून उभे राहिले.

"लवांडे, हे काय आहे?"

"प्रथमोपचार, साहेब."

"पट्टीला फुलं?"

"मिठाच्या पान्यात धुतल्यात, साहेब. मेव्हनीच्या हिरीवरची हाईत. ब्लँकेट आपलंच हाय. शहाळं एका पेशंटच्या मानसांनी दिलं. कायबी खरेदी न्हाई केलं."

डॉक्टर गंधे स्टेजवर चढले. रंगनाथने मान खाली घातली. आता नोकरीवर येतंय की नुसत्या बोलण्यावर भागतंय, याचा तो अंदाज घेत होता. बाई मात्र कोणाकडेच बघत नव्हत्या. त्यांचा मोकळा हात मानेमागे गेला होता आणि गाठ चाचपत होता.

"मणक्यावर आलीये गाठ," त्या म्हणाल्या. आवाज नेहमीसारखा कडक काढायला गेल्या, पण तो मध्येच ओला झाला. "बाजूला घे गं, चांगुणा. किती वेळा सांगितलं तुला..."

डॉक्टर गंधे चांगुणाकडे वळले.

"सिस्टर, रुग्णाला धक्का बसलेला दिसतो."

"हो सर."

"मग एवढ्याने भागणार नाही. रुग्णाला खेळती हवा हवी." ते सभागृहाकडे वळले. "सर्वांनी उभं राहायचं आणि हवा हलेपर्यंत टाळ्या वाजवायच्या."

त्या दिवशी सभागृहात एवढी हवा हलली की दिवा विझला. डॉक्टर गंधे यांनी स्वतः काडी ओढून तो पुन्हा लावला.

दुपारी बाई भांडाराच्या दारात आल्या. ब्लँकेटची चौकोनी घडी त्यांनी रंगनाथच्या हातात ठेवली.

"भांडारातलं आहे. जमा कर."

मग शहाळं पुढे केलं. अर्धं पिऊन झालं होतं. "हे तू संपव. पाठ धरलीये ना तुझी?"

रंगनाथने खालमानेने शहाळं तोंडाला लावलं. ते दोन्ही हातांत धरलेलं असताना बाईंनी झेंडूची पट्टी त्याच्या गळ्यात टाकली आणि मागे गाठ मारली, मणक्यापासून नीट बाजूला.

जिल्ह्यातले गळे मोजणाऱ्या या माणसाने स्वतःचा गळा कधी मोजला नव्हता. संध्याकाळी तो तसाच, पट्टी न काढता, भर बाजारातून सायकल हातात धरून घरी गेला. गोजरबाईने दारातच विचारलं, "काय वो, कसं वाटतंय?"

"चांगलंय," रंगनाथ पट्टी सारखी करत म्हणाला. "पर हार तू वाईच आखूड केलास."