रविवारचा आकडा

बिभीषणइतका हट्टी माणूस आमच्या कंपनीत दुसरा नाही. मी, अप्पाराव, सोळा वर्षं त्याच्यासोबत चितेगावला मेंटेनन्समध्ये आहे, तेव्हा हे बोलायचा मला हक्क आहे. एखादी मोटर आता भंगारात टाका असं साहेब म्हणाले की हा जेवणाचा डबा तसाच ठेवून तिच्यापाशी बसतो, आणि ती फिरल्याशिवाय उठत नाही.

त्याची आई बानाबाई अजिंठ्याकडची. तिचा जन्म मेंढरांमागं गेला. नवरा वारल्यावर ती गावात एकटीच होती. एकदा अंगणात पडली आणि दोन तास कुणाला पत्ता लागला नाही. मग बिभीषणनं मेंढरं भावकीत देऊन टाकली आणि तिला शहरात आपल्या दोन खोल्यांत आणलं. तो कंपनीत, बायको रत्नमाला दवाखान्यात ड्यूटीला, म्हातारी दिवसभर एकटी. हाताला काम नाही म्हणून घासलेली भांडी ती पुन्हा घासायची. त्यावर या पठ्ठ्यानं काढलेला उपाय म्हणजे माशांची पेटी. साठ लिटरची काचेची टाकी आणि तिच्यात निळ्या रेघेचे बारा टेट्रा मासे. मेंढरांच्या बदल्यात मासे म्हणजे भाकरीच्या बदल्यात बिस्कीट झालं, असं मी त्याला म्हटलंसुद्धा.

पण म्हातारी रमली. आम्हाला सगळे सारखे दिसणारे बारा मासे तिला वेगवेगळे ओळखू यायचे. मग ते मरू लागले. आठ-दहा दिवसांनी एक, असे सहा गेले. सहावा गेला त्या दिवशी ती बिभीषणला म्हणाली, "माझ्या हातानं जित्राब जगत नाय आता. मला गावाला नेऊन घाल." गावाला म्हणजे त्याच रिकाम्या घरात, एकटीला. मासे जगले तरच आई राहील, हे बिभीषणनं त्या दिवशी ओळखलं.

पैठण गेटवरून त्यानं एक छोटा बोर्ड आणला, पाण्यात सोडायचा तापमापक आणला आणि टीडीएसचा सेन्सर आणला. आरओवाला पाण्यात पेन बुडवून आकडा दाखवतो ना, तेच काम. पाण्यात क्षार किती विरघळलेत ते कळतं. हे सगळं त्यानं श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात बसवलं, डब्याला खिडकी कापून लाल आकड्यांची पट्टी लावली. दर पाच मिनिटांनी आकडे घरच्या वायफायवरून त्याच्या मोबाइलवर यायचे आणि त्यांची रेघ उमटायची. आठवडाभर जेवणाच्या सुट्टीत तो माझ्याशी न बोलता कोड लिहीत होता. मला राग यायचा.

रेघ मात्र विचित्र निघाली. पाण्याचं तापमान ठीक होतं, पण नळाचं पाणी तीनशेचं आणि टाकीतलं बाराशेचं. त्यात दर रविवारी दुपारी तीन वाजता आकडा एकदम दीडशेनं चढायचा आणि खाली यायचं नाव घ्यायचा नाही. बिभीषणनं सेन्सर बदलला, वायर बदलल्या, तरी रविवार आला की तेच. तुझ्या सेन्सरच्या अंगात रविवारचं वारं येतं, असं मी त्याला चिडवायचो. तेवढ्यात सातवा मासा गेला आणि मी चिडवणं बंद केलं.

आमची सुट्टी शुक्रवारी असते. एका रविवारी तो ताप आल्याचं सांगून घरी राहिला आणि तोंडावर चादर घेऊन पडला. तीनला बानाबाई उठली. ओट्यावरच्या बरणीतून तिनं खड्याच्या मिठाचे पाच खडे घेतले, टाकीचं झाकण उघडलं आणि "घ्या बायांनो," म्हणत एकेक खडा पाण्यात सोडला. गावाकडं तिच्या कळपाला दर रविवारी मीठ मिळायचं. मीठ चाटलेलं मेंढरू पाणी पितं, चरतं, अंग धरतं. ती माशांनाही तेच देत होती. काही लपवत नव्हती. तिला कुणी विचारलंच नव्हतं. मीठ पाण्यासोबत उडून जात नाही, आणि आमच्याकडे नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं म्हणून टाकीतलं पाणी कुणी बदलत नव्हतं, नुसती घट भरून काढायचे. बिभीषणनं चादरीआड डोळे मिटून घेतले.

दुसऱ्या दिवशी त्यानं मला हे सांगितलं. मी म्हटलं, तोंडावर सांगून टाक, मीठ बंद, विषय संपला. मला तेव्हा ते फार सोपं वाटलं. तो म्हणाला, "अप्पा, सात तिच्या हातानं मेले हे मी तिला कसं सांगू?"

त्यानं सांगितलं नाही. दर सोमवारी पहाटे आई उठायच्या आत तो टाकीतलं दोन बादल्या पाणी काढून कढीपत्त्याच्या कुंडीत आणि उरलेलं मोरीत ओतायचा आणि आदल्या दिवशी भरून ठेवलेलं नळाचं पाणी टाकीत घालायचा. त्या पाण्यापायी स्वतःची आंघोळ अर्ध्या बादलीत उरकायचा. आकडा हळूहळू उतरला. पाच मासे उरले होते, ते पाचच राहिले. बानाबाई गावाचं नाव काढेनाशी झाली.

आता रविवारी तीन वाजता चहाच्या टपरीवर तो मोबाइल उघडून बसायचा. आकडा चढला की म्हणायचा, "आई उठली." एकदा आकडा चारला चढला. घरी गेल्यावर यानं सहज विचारलं, आज उशिरा उठली का? म्हातारीनं आधी त्याच्याकडं बघितलं, मग डब्याकडं, असं तो नंतर म्हणाला.

आणि एका रविवारी आकडा चढलाच नाही. साडेतीन झाले, चार झाले. आईचा फोन वाजत राहिला. रत्नमाला ड्यूटीवर होती. बिभीषणचा चेहरा पाहून मी गेटपास घेतला आणि गाडी काढली. पैठण रोडवर अर्धा तास तो माझ्या मागं बसून आईला फोन लावत राहिला. माझ्या डोळ्यांपुढं अंगणात पडलेली म्हातारी येत होती.

दार उघडंच होतं. बानाबाई टाकीसमोर बसली होती, शेजारी गाठोडं बांधलेलं. तिनं आम्हाला पाहिलं आणि मान हलवली, जणू आमची वाटच पाहत होती.

"कढीपत्ता वाळला, तवा मला कळलं," ती म्हणाली. "मुळाशी पांढरं मीठ फुटलंय. मग तुझ्या डब्यावरचा आकडा बघितला, मीठ टाकलं की चढतो. मला अक्षर नाय येत, पर आकडे कळतात, मेंढरं मोजलीत मी. सात माझ्या हातानं मेले. तुला ठाऊक व्हतं?"

"व्हय."

"मग बोलला का नाय?"

"तू गेली असती."

तिनं काचेवर बोट टेकवलं. मग म्हणाली, "मेंढराला मीठ पुरं झालं की ते तोंड फिरवून निघून जातं. ह्यांला जायाला जागाच नाय."

बिभीषण खाली बसला. एवढा हट्टी माणूस, पण गाठोड्याकडं बघत म्हणाला, "तुला जायचंय तर मी नेऊन घालतो. पर मग आज सकाळीच का नाय गेली?"

"तुला सांगितल्याबिगर कशी जाऊ? फोन मला लावता येत नाय, आन् तुझा आला तो मुद्दाम उचलला नाय." तिनं श्रीखंडाच्या डब्याकडं बोट केलं. "म्हणून मीठ टाकलं नाय. तू येशील, ठाऊक व्हतं."

मी दाराकडं तोंड केलं. तोंडावर सांगून टाक म्हणालो होतो त्याची मला लाज वाटली.

"आई," मागून बिभीषणचा आवाज आला, "मला नुस्ते आकडे दिसतात. मासे नाय दिसत. त्यातला कोण सुस्तावलाय ते तूच सांगायची. तू गेली तर मी काय बघू?"

बानाबाईनं विचारलं, आकडा किती पाहिजे? तीनशे, तो म्हणाला. तिनं त्याला ते काचेवर लिहायला लावलं. गाठोडं संध्याकाळपर्यंत तिथंच होतं, मग रत्नमालानं आल्यावर ते सोडून लुगडी दोरीवर टाकली, आणि म्हातारीनं तिला अडवलं नाही.

त्या आठवड्यात बिभीषणनं टाकीच्या झाकणाला एक बटण बसवलं. झाकण उघडलं की त्याचा मोबाइल वाजतो, हे तिलाही ठाऊक आहे. रविवारी तीनला आम्ही टपरीवर असतो. एकदा वाजतो, म्हणजे तिनं माशांना दाणे टाकले. थोड्या वेळानं पुन्हा वाजतो, पण आकडा चढत नाही. माशांचं खाणं तर केव्हाच झालेलं असतं. दुसऱ्यांदा झाकण कशाला उघडतेस, हे त्यानं तिला अजून विचारलेलं नाही.