न पाहिलेल्या टाकीचा रिपोर्ट

रसायनांच्या टाकीत द्रव कसा फिरतो ते कॉम्प्युटरवर तपासून द्यायचं, हे माझं अंबरनाथमधलं काम. बारा वर्षं झाली. पडद्यावरचे निळे-तांबडे भोवरे बघून आता डोळे नुसते चुरचुरतात.

मागच्या वर्षी बदलापूरच्या एका कारखान्यात रिॲक्टरमधला माल सारखा करपत होता. मिश्रण नुसतं गोल फिरू नये, नीट ढवळलं जावं म्हणून अशा टाकीला आतून उभ्या पट्ट्या जोडलेल्या असतात. त्यांनी पाठवलेल्या ड्रॉइंगमध्ये चार होत्या, मीही चार धरल्या. ढवळणं उत्तम दिसलं. माहिती घ्यायला गेलो, तेव्हा तिथले वयस्कर ऑपरेटर सुपरवायझरसमोर हळूच म्हणाले, "सायेब, एकदा झाकण उघडून आत बघा ना."

"काका, मी दिवसभर आतच बघत असतो," मी म्हणालो आणि वर हसलो. त्या हसण्याची अजून लाज वाटते.

टाकीत दोष नाही, हाताळणीत असावा, असा रिपोर्ट दिला. माल करपायचा त्या पाळीचे ऑपरेटर म्हणून काकांचं नाव लिहिलं. कंत्राटी माणूस, आठवड्यात घरी बसवला.

माल करपायचा थांबला नाही. शेवटी मी टॉर्च घेऊन झाकणातून वाकलो. आत दोनच पट्ट्या होत्या. पट्ट्यांमागे माल चिकटतो, टाकी धुण्यात अख्खी पाळी जाते, म्हणून दोन कधीच कापून टाकल्या होत्या. खात्यात सगळ्यांना ठाऊक होतं, फक्त ड्रॉइंग कुणी बदललं नव्हतं. दोन पट्ट्या धरून कॉम्प्युटरवर पुन्हा चालवून पाहिलं, तर मिश्रण एकाच जागी तापत राहत होतं.

मी नवा रिपोर्ट दिला आणि काकांना परत घ्या म्हणालो. मॅनेजर म्हणाले, "जागा भरली हो."

रविवारी रिक्षाने कुळगावला काकांच्या घरी गेलो. चूक माझी होती, असं सांगून नवा रिपोर्ट त्यांच्यापुढे ठेवला. ते रागावले नाहीत, त्यानेच मला जास्त ओशाळायला झालं. सुनेला हाक मारून त्यांनी तो वाचायला तिच्या हातात दिला. तिने पानं उलटून पाहिली, पुन्हा पहिल्यापासून पाहिली.

"बाबा, यात पट्ट्यांचंच लिहिलंय," ती म्हणाली.

काकांनी माझ्याकडे पाहिलं. "सायेब, पहिल्यात माझं नाव होतं ना? मग यात का नाही?"