वरवंट्याला बांधलेली दोरी

माझं लिहिणं चुकीचं असेल, ऱ्हस्व-दीर्घ मला कळत नाही आणि अक्षर कोंबडीनं उकिरडा उकरल्यासारखं आहे, त्याची माफी असावी. कुणाची माफी मागते तेही कळत नाही, कारण ही वही मी कणगीच्या मागं ठेवते आणि कुणाला दाखवणार नाही. वही पोरीची आहे. तिची मागची पानं कोरी राहिली होती. का राहिली, तेच लिहायचं आहे.

माझं माहेर लातूरकडं, किल्लारीच्या बाजूला. भूकंप झाला तेव्हा मी पाच वर्षांची होते. पुढं चौथीपर्यंत पत्र्याच्या शाळेत बसले, मग घरात. लग्न होऊन आले ती नांदेडच्या पार टोकाला, इस्लापूरच्या पुढं डोंगराकडेला. इथं आल्यापासून माझी मोठी जाऊ मला भूकंपवालीच म्हणते. "तिकडं वाचली अन् आमच्या घरावर येऊन पडली," असं ती आल्यागेल्याला सांगते आणि लोक हसतात. मालक गेल्यावर तरी ती हे म्हणायचं थांबेल असं मला वाटलं होतं. ती थांबली नाही, उलट आता लोक हसताना माझ्याकडं बघायला लागले.

सासरे होते तोवर माझं बरं होतं. त्यांच्याकडं बांबूचं धनुष्य होतं, रात्री रानात डुकरं हाकायला. त्याची दोरी ते स्वतः वळायचे, अंबाडीच्या वाखाची. अंबाडी पाण्यात कुजवायची, साल सोलायची, धुवायची, वाळवायची, तिचे धागे म्हणजे वाख, तो विंचरायचा आणि तीन पेडांची बारीक दोरी वळायची. हे काम एकट्यानं होत नाही. एकानं पीळ द्यायचा, दुसऱ्यानं टोक ताणून धरायचं. दोरी आखडत जाते तसं धरणाऱ्यानं बोटबोट पुढं सरकायचं. घरात दुसरं कुणी त्यांच्याजवळ बसत नव्हतं, म्हणून टोक मी धरायची. असंच शिकले. एखादा पेड हातातून सुटला तर सासरे तो पुन्हा वळत नसत, उचलून चुलीत टाकत. "सुटलेला पीळ खोटा," एवढंच म्हणत.

सासरे गेले, धनुष्य मोडलं, डुकरांना आता तारेचं कुंपण आहे. मी हे सगळं विसरलेच असते. पण माझी पोरगी तालुक्याच्या गावी वसतिगृहाच्या शाळेत आठवीला होती, माझ्या दुप्पट शिकलेली. तिथं एक सर मुलींना धनुष्यबाण शिकवतात. धनुष्यं बांबूचीच. नायलॉनची दोरी ताणून ढिली पडते म्हणून ते वाखाची दोरी शोधत होते. पोरगी उठून बोलली, "सर, माझी माय वळती." सरांनी वीस दोऱ्या सांगितल्या, दिवाळीच्या सुट्टीआधी.

पीळ द्यायला मी होते. टोक धरायला कुणी नव्हतं.

"अक्का, थोडा येळ धरता का?" मी जावेला विचारलं.

"धरते की. तुझ्यासाठी एवढंबी करू नये का?"

ती अंगणात बसली. शेजारच्या दोघी तिच्या बाजूला येऊन टेकल्या. मी पीळ देत गेले. पीळ पुरा भरत आला की पेड बोटाखाली थरथरतो. नेमकं तेव्हाच तिनं टोक सोडलं. पेड सापासारखा उसळून माझ्या तोंडावर आला.

"अगं बाई! सुटलाच की. हाताला घाम हाय गं."

शेजारणींनी पदर तोंडाला लावला.

"पुन्हा धर म्हणावं," एक म्हणाली. "भूकंप बघायचा हाय आमाला."

तिनं पुन्हा धरलं आणि पुन्हा सोडलं. कधी पहिल्याच पेडाला, कधी मुद्दाम शेवटच्याला. चार दुपारी हा खेळ चालला, मधे तिनं धरलं तेवढ्याच दोऱ्या नीट झाल्या. माझ्या कपाळावर, नाकावर वळ उठले. मी दरवेळी सुटलेला पेड उचलून बाजूला ठेवला.

इथवर जावेचा दोष. पुढचा माझा. सुटलेले पेड मी चुलीत टाकायला पाहिजे होते. पण वाख कमी उरला होता आणि सुट्टी जवळ आली होती. मी ते पेड ओले केले, टोक खुंटीला बांधून कसेबसे पुन्हा वळले, गाठी दाबल्या आणि वरून मेण घासलं. मेणाखाली सगळ्या दोऱ्या सारख्याच दिसतात. वीसातल्या सात अशा होत्या. कोणत्या ते मला माहीत होतं. मी त्या जुडीत तळाला घातल्या.

सुट्टीआधीच्या आठवड्यात शाळेत दोऱ्या तुटल्या. ताणलेलं धनुष्य दोरी तुटली की उलटं झटकतं आणि वाळलेला बांबू उभा चिरतो. अशी तीन धनुष्यं गेली. एका दोरीचं टोक एका मुलीच्या गालावर बसलं, डोळ्याच्या दोन बोटं खाली. माझी पोरगी तोवर साऱ्या वर्गाला सांगून बसली होती की दोऱ्या माझ्या मायनं केल्यात.

सर मोटारसायकलवर घरी आले. आमच्याकडं मोठ्या दिरासमोर भावजय बोलत नाही, मी तर विधवा. मी दाराआड उभी होते. सर ओसरीवर बसून विचारत होते, "ह्या दोऱ्या कुणी केल्या?"

जाऊ पुढं झाली. "हिनंच सर. आम्ही तर हातबी लावला न्हाई."

मी दाराची कडी घट्ट धरून उभी राहिले. दीर आत गेले, पैसे घेऊन आले आणि सरांच्या हातावर तिन्ही धनुष्यांची किंमत ठेवली. वर चहा पाजला. सर जाताना म्हणाले, "भाऊ, तुमच्यासारखा माणूस न्हाई." मोटारसायकल वळणाआड गेल्यावर दिरांनी पोरीला हाक मारली. ती सुट्टीला आलेली होती.

"तुझ्या मायनं धनुष्य मोडले, पैसे मी भरले. आता उद्यापासून कापूस येचायला जायचं. ज्या दिवशी पैसे फिटतील त्या दिवशी शाळा."

पोरगी माझ्याकडं बघत राहिली. मी मान खाली घातली. दुसऱ्या दिवसापासून ती कमरेला ओटी बांधून रानात जायला लागली. आठ दिवसांत तिची बोटं बोंडांच्या काट्यांनी चिरली. जेवताना ती भाकरी डाव्या हातानं मोडायची आणि माझ्याशी बोलायची नाही.

मजुरी घरातच जिरत होती, त्यातून पैसे फिटणार नव्हते. नव्या दोऱ्या विकूनच ते फिटले असते. आणि दोरीला टोक धरणारं माणूस पाहिजे होतं. माणूस मिळणार नाही हे धरून मी विचार करायला लागले.

मोडकी बाज गोठ्यात पडली होती. तिचे दोन सागवानी पाय काढून जमिनीत पुरले, त्यांच्यावर आडवी फळी ठोकली. फळीला तापल्या खिळ्यानं तीन भोकं पाडली. सायकलच्या जुन्या तारा वाकवून त्यात तीन आकडे बसवले आणि मागं त्यांची टोकं दुसऱ्या लहान फळीत अडकवली. मागची फळी हातानं गोल फिरवली की तिन्ही आकडे एकदम फिरतात, तिन्ही पेडांना सारखा पीळ बसतो. तीन पेड मध्ये एकमेकांत गुंतू नयेत म्हणून पोरीच्या लहानपणचा भोवरा घेतला आणि विळ्यानं त्याला तीन खाचा पाडल्या. दुसऱ्या टोकाला बैलाच्या साखळीतली गरगर फिरणारी कडी लावली आणि ती एका पाटीला बांधली. पाटीत वजन ठेवायचं. दोरी आखडेल तशी पाटी मातीवरून आपोआप पुढं ओढली जाते.

वजनच जुळत नव्हतं. वीट ठेवली तर पेडाला वेढे पडत. मोठा धोंडा ठेवला तर वाख मधेच तटकन तुटे. शेवटी पाट्यावरचा वरवंटा ठेवला आणि दोरी अशी वळली गेली की मी बराच वेळ तिला हातच लावला नाही.

सासू चटणी वाटायला बसली तर वरवंटा नाही. अंगणात येऊन बघते तर तो पाटीत, मातीतून सरकतोय.

"अगं रांडे!" ती ओरडली. "बारशाला ज्याला कुंची घालून पाळण्यात ठेवतेत, त्याला दावं लावून मातीत वढती? लेकरू हाय ते घरचं!"

तिनं वरवंटा उचलला, धुतला, त्याला हळदकुंकू लावलं. मी नदीतून तशाच वजनाचा गोटा शोधायला तीन दिवस घातले. गोटा सापडला. गोटा हसत नाही आणि हाताला घाम आला म्हणत नाही.

आठ दोऱ्या घेऊन मी चालत इस्लापूरला आणि तिथून जीपनं शाळेत गेले. सर मैदानावर होते, पोरी रांगेत. मी दोऱ्या पुढं केल्या.

"न्हाई बाई. तिच्याकडं बघा." त्यांनी एका मुलीकडं बोट दाखवलं. गालावर वळ होता, काळा पडलेला.

मी तिथंच उभी राहिले. हात तसाच पुढं ठेवला. शेवटी सर वैतागले.

"बरं, असं करा. प्रत्येक दोरी आधी तुम्ही ओढायची. माझ्या धनुष्यावर, गालापर्यंत, दहादा. तुटली तर तुमच्या तोंडावर तुटंल. न्हाई तुटली तर पैसे."

मी डोक्यावरचा पदर खोचला. इतक्या लोकांत मी तोंड कधी उघडं टाकलं नव्हतं. धनुष्य धरता येईना. पोरी हसत होत्या. "सर, मावशीला बाण द्या की!" एक ओरडली. मी ओढत गेले. दहा, वीस, तीस. खांद्यातून कळ निघत होती. सहावी दोरी सातव्या वेळी तुटली आणि जबड्यावर बसली. तोंडात रक्त आलं.

"आता समजलं का कसं लागतं?" सर म्हणाले.

गालावर वळ असलेली मुलगी तेव्हा हसली. तिचा हक्क होता. मी उरलेल्या दोन ओढल्या. सरांनी सात दोऱ्यांचे पैसे दिले आणि पुन्हा आणायला सांगितलं. प्रत्येक खेपेला हीच अट.

मी महिन्यातून दोनदा जायची. पुन्हा एकही तुटली नाही, तरी सरांनी अट सोडली नाही. पैसे मी घरी येऊन ओसरीच्या उंबऱ्यावर ठेवायची, दीर उचलायचे. कापूस संपला तर त्यांनी पोरीला हरभरा उपटायला लावलं. शाळेत तिच्या जागी दुसरी मुलगी आली.

पैसे येतात म्हटल्यावर जाऊ एके दिवशी अंगणात येऊन बसली. दुपार होती, शेजारणी नव्हत्या.

"दे इकडं, टोक मी धरते. एकटीनं किती करशील?"

ती खरंच धरायला आली होती, हे मला तिच्या आवाजावरून कळलं. तिचे दोन्ही हात पुढं होते.

"नको अक्का," मी म्हणाले. "गोटा बरा हाय तुमच्यापेक्षा."

तिचा चेहरा पडला. ती उठून गेली. मला फार गोड वाटलं. ते वाटायला नको होतं असं लिहावं लागेल, पण मला गोडच वाटलं.

नव्या वर्षाची शाळा सुरू व्हायच्या आठवड्यात शेवटचे पैसे हातात आले. पोरीला पुन्हा आठवीतच बसायचं होतं. तिनं पहाटेच अंघोळ केली, वेणी घातली आणि पिशवी घेऊन अंगणात उभी राहिली. आता जीप गावच्या फाट्यापर्यंत यायची, सकाळची एकच.

मी उंबऱ्यावर नोटा ठेवल्या. दिरांनी उचलल्या आणि खाटेवर बसून मोजायला लागले. मोजून झाल्या, परत पहिल्यापासून मोजल्या. फाट्यावर जीपचा हॉर्न वाजला. पोरगी माझ्याकडं बघायला लागली. दिरांनी एक नोट उजेडात धरली, कोपरा फाटलेला होता.

"ही चालत न्हाई."

मी कमरेची पिशवी सोडून दुसरी दिली. ती जीपच्या भाड्याची होती. हॉर्न पुन्हा वाजला. दिरांनी अंगठ्याला थुंकी लावली आणि सगळ्या नोटा तिसऱ्यांदा मोजल्या, एकेक सरळ करत. जीप सुटल्याचा आवाज आला.

"हां," ते म्हणाले. "पुरे हायेत."